परमुलखातील आपला अडत्या : वाणिज्यदूत

व्यापारी आणि प्रवास ह्यांची सांगड फार जुनी आहे. माल जेथे पिकतो तेथेच तो खपतो असे नाही, आणि जेथे खपतो तेथे व्यापाऱ्यास आपले माणूस ठेवावे लागते. आपल्या किनाऱ्यावरून गलबते मस्कत, एडन, मोम्बासा, झांजिबार येथे जात आणि त्यांतून पेढ्यांचे गुमास्तेही जात. गेलेल्या माणसाचे कुशल कळावयास तेव्हा महिनोन्‌महिने लागत. आज हरणीच्या विमानतळावरून मुंबईस अगर दिल्लीस निघालेला आपला मुलगा एकदोन दिवसांत टोरांटोस अगर मेलबर्नला उतरतो, आणि उतरताक्षणीच घरी दूरध्वनी करतो. प्रवास सोपा झाला खरा. परंतु परमुलूख तो परमुलूखच राहिला. तेथील कायदा निराळा, भाषा निराळी, पोलीस निराळे. सर्व सुरळीत चालले असता ह्याची जाणीव होत नाही. पारपत्र हरवले, अपघात झाला, कोणी कोठडीत टाकले अगर घरातील माणूस तेथेच निवर्तले, म्हणजे मात्र एकच प्रश्न उभा राहतो : आता दार कोणाचे ठोठवावे?

ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्या बहुतेक कुटुंबांना अर्धवट ठाऊक असते. कोणी म्हणतो, वकिलातीत गेले की सर्व काही होते. कोणी म्हणतो, तेथे कोणी विचारीतच नाही. ही दोन्ही मते सारखीच चुकीची आहेत. यास्तव परदेशी असलेल्या भारतीय नागरिकास आपल्या सरकारकडून कोणते साहाय्य मिळते, ते कोणत्या आधारावर मिळते आणि कोठे थांबते, ह्याचा विचार व्यापारी बांधवांपुढे व त्यांच्या कुटुंबीयांपुढे मांडण्याचे योजिले आहे.

१. वाणिज्यदूत म्हणजे कोण?

'वाणिज्यदूत' हा शब्दच आपल्या व्यवसायातून आलेला आहे. वाणिज्य म्हणजे व्यापार; व्यापारी प्रजेच्या हितासाठी परक्या बंदरात बसलेला दूत तो वाणिज्यदूत. मध्ययुगात भूमध्य समुद्राच्या काठी व्हेनिस, जिनोआ, बार्सेलोना येथील व्यापाऱ्यांच्या वसाहती होत्या. आपसांतील तंटे मिटविणे, फुटलेल्या जहाजाचा माल सांभाळणे, मृत व्यापाऱ्याची मालमत्ता वारसांपर्यंत पोचविणे, अशी कामे पाहणाऱ्या प्रमुखास तेथे 'कॉन्सल' म्हणत. राजदूत हा राजाकडून राजाकडे जातो. कॉन्सल मात्र पेठेतून जन्मास आला.

हाथीखान्यातील व्यापाऱ्यास हा अधिकारी समजावून सांगणे अवघड नाही. आपण परगावच्या बाजारात धान्य पाठवितो तेव्हा तेथे आपला अडत्या असतो. माल उतरवून घेणे, आपल्यादेखत वजन करविणे, भाव कळविणे आणि खरेदीदाराने कुरकुर केल्यास आपल्या बाजूने चार शब्द बोलणे हे त्याचे काम. परंतु गहू किडका असेल तर अडत्या तो चांगला करू शकत नाही, आणि त्या बाजाराचे नियमही बदलू शकत नाही. वाणिज्यदूत हा परमुलखात बसलेला आपल्या राष्ट्राचा अडत्या होय. ही उपमा ध्यानात ठेवली म्हणजे पुढील सर्व विवेचन सुलभ होईल.

बहुतेक देशांच्या राजधानीत आपली वकिलात असते. राष्ट्रकुलातील देशांत तिलाच उच्चायुक्तालय म्हणतात. व्यापाराच्या अगर वस्तीच्या मोठ्या शहरांत वाणिज्य दूतावास असतात. संयुक्त अरब अमिरातीचेच पाहा. वकिलात अबूधाबीस आहे, तर दुबई व उत्तरेकडील अमिरातींचा कारभार दुबईचा महावाणिज्य दूतावास पाहतो. म्हणून परदेशी जाणाऱ्याने आपले गाव कोणाच्या हद्दीत येते हे आधीच विचारून ठेवावे. अडचणीच्या वेळी भलत्याच कचेरीच्या पायऱ्या चढण्यात दोन दिवस जातात.

स्वतःचा वाणिज्यदूत असणे ही गोष्ट आपल्या आजोबांच्या पिढीस लाभलेली नव्हती, हेही येथे सांगितले पाहिजे. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली अमेरिकेस गेले. त्या काळी परदेशात असलेल्या संस्थानी प्रजाजनाचे स्थान 'ब्रिटिश संरक्षित व्यक्ती' असे असे. त्याची दाद लागावयाची ती ब्रिटिश वकिलातीत. १९४७ नंतर आपल्या स्वतःच्या वकिलाती उघडल्या, आणि १९४८ च्या कायद्याने आपल्या वाणिज्य अधिकाऱ्यांस शपथ देणे, दस्त साक्षांकित करणे इत्यादी अधिकार मिळाले. बडोद्याचा माणूस आज परक्या देशात आपल्या ध्वजाखाली जाऊन आपल्या अधिकाऱ्यासमोर उभा राहतो, ही काही लहान कमाई नव्हे.

२. हक्काचे मूळ

वाणिज्यदूताची मदत ही केवळ कृपा नव्हे. तिला आंतरराष्ट्रीय कराराचा आधार आहे. २४ एप्रिल १९६३ रोजी व्हिएन्ना येथे वाणिज्यविषयक संबंधांचा करार झाला. तो १९६७ साली अमलात आला व भारताने १९७७ साली त्यास मान्यता दिली. त्याच्या ५ व्या कलमात वाणिज्यदूताची कामे सांगितली आहेत : आपल्या नागरिकांच्या हिताचे रक्षण, पारपत्रे देणे, जन्ममृत्यूची नोंद, दस्तांचे साक्षांकन, अज्ञान मुलांचे व वारसांचे हित पाहणे इत्यादी.

परंतु सर्वांत मोलाचे कलम ३६ वे होय. परक्या देशात आपल्या नागरिकास अटक झाली, तर त्यास वाणिज्यदूताशी संपर्क साधण्याचा हक्क आहे हे पोलिसांनी विनाविलंब सांगावे. त्याने मागणी केल्यास वाणिज्यदूतास विनाविलंब कळवावे. वाणिज्यदूतास तुरुंगात जाऊन त्यास भेटता यावे, त्याच्याशी बोलता यावे, त्याच्यासाठी वकिलाची व्यवस्था करता यावी, असे हे कलम सांगते. ह्यातील 'मागणी केल्यास' हे शब्द वाचकांनी अधोरेखित करून ठेवावेत. अटक झालेला मनुष्य भीतीने गप्प बसला, तर पुष्कळ ठिकाणी वकिलातीस काहीच कळत नाही. यास्तव परदेशी जाणाऱ्या प्रत्येक मुलास व मुलीस 'मला भारतीय वाणिज्य दूतावासाशी बोलावयाचे आहे' एवढे एक वाक्य इंग्रजीत, आणि जमल्यास त्या देशाच्या भाषेत, पाठ करवून घ्यावे.

ह्या कलमाचे मोल काय, हे एका मराठी कुटुंबाच्या प्रकरणातून सर्व जगाने पाहिले. भारतीय नौदलातील माजी अधिकारी कुलभूषण जाधव ह्यांस पाकिस्तानने ३ मार्च २०१६ रोजी अटक केल्याचे सांगितले. भारतास मात्र ही वार्ता २५ मार्च रोजी कळविण्यात आली. पाकिस्तानने त्यांच्यावर हेरगिरीचा आरोप ठेवला. भारताने तो नाकारला आणि त्यांस इराणमधून पळवून नेल्याचे सांगितले. भारताने वारंवार मागणी करूनही वाणिज्यदूतास त्यांची भेट घेऊ दिली नाही, आणि एप्रिल २०१७ मध्ये लष्करी न्यायालयाने फाशीची शिक्षा सुनावल्याचे जाहीर झाले.

भारताने ८ मे २०१७ रोजी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली. नागपुरात वाढलेले विख्यात कायदेपंडित हरीश साळवे ह्यांनी केवळ एक रुपया मानधन घेऊन भारताची बाजू मांडली. दहा दिवसांत, १८ मे रोजी, न्यायालयाने अंतिम निर्णयापर्यंत फाशी अमलात आणू नये असा आदेश दिला. १७ जुलै २०१९ रोजी निकाल लागला. १५ विरुद्ध १ अशा मतांनी, पाकिस्तानने ३६ व्या कलमाचा भंग केला, तीन आठवड्यांचा विलंब हा 'विनाविलंब' नव्हे, आणि हेरगिरीचा आरोप असला तरी हा हक्क नष्ट होत नाही, असे न्यायालयाने ठरविले. त्यानंतर २ सप्टेंबर २०१९ रोजी भारतीय अधिकाऱ्यास जाधव ह्यांची भेट घेता आली.

मध्यंतरी, २५ डिसेंबर २०१७ रोजी, त्यांची आई व पत्नी इस्लामाबादेस जाऊन आल्या. भेट झाली ती काचेच्या आडून. आईस मुलाशी आपल्या मातृभाषेत बोलू दिले नाही, असे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने दुसऱ्याच दिवशी जाहीर केले. परमुलखातील कोठडीत आपल्या भाषेचा एक शब्द कानी पडणे हेदेखील किती दुर्लभ असते, ते त्या माउलीच्या अनुभवावरून ध्यानी येईल. वाणिज्यदूताच्या भेटीचा हक्क कराराच्या कागदावर कोरडा वाटतो. तो खरोखरी अशा प्रसंगासाठी आहे.

ह्याच निकालात मर्यादाही दिसते. शिक्षा रद्द करून जाधव ह्यांस मुक्त करावे ही भारताची मागणी न्यायालयाने मान्य केली नाही. शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करावा एवढेच सांगितले. हा लेख लिहितेवेळी ते स्वदेशी परतलेले नाहीत. ह्या हक्कामुळे फाशी थांबली आणि तुरुंगाचे दार भेटीपुरते उघडले. परंतु परक्या देशाचे न्यायालय काही आपले झाले नाही.

३. नित्याची कामे

असे प्रसंग सुदैवाने विरळा. वाणिज्य दूतावासाचे रोजचे काम साध्या गृहस्थाश्रमाचे असते. त्यातील आपल्या समाजास वारंवार लागणारी कामे क्रमाने सांगतो.

पारपत्र हरविणे : प्रथम तेथील पोलिसांत वर्दी द्यावी व तिची प्रत घ्यावी. ती घेऊन वाणिज्य दूतावासात अर्ज केला म्हणजे नवे पारपत्र मिळू शकते. वेळ नसेल तर स्वदेशी परतण्यापुरता 'आपत्कालीन दाखला' मिळतो. हा दाखला एकाच खेपेचा असतो. त्यावर भारतात येता येते, अन्यत्र जाता येत नाही. पारपत्राच्या पानांच्या प्रती जवळ असल्यास हे काम पुष्कळ लवकर होते.

परदेशी जन्मलेले मूल : येथे आपल्या कुटुंबांकडून फार हयगय होते. ३ डिसेंबर २००४ पासून असा नियम आहे की, भारतीय नागरिकाचे मूल परदेशी जन्मले असता त्याचा जन्म भारतीय वाणिज्य दूतावासात एक वर्षाच्या आत नोंदविला पाहिजे, आणि मुलाजवळ दुसऱ्या देशाचे पारपत्र नाही असे मातापित्यांनी लिहून दिले पाहिजे. वर्ष उलटल्यास केंद्र सरकारची परवानगी लागते. बारशाचे पेढे वाटण्यापूर्वी आजीआजोबांनी सूनबाईस व मुलास हा एक प्रश्न अवश्य विचारावा : 'नोंद केलीत का?' नातवाचे नागरिकत्व त्या नोंदीवर अवलंबून आहे.

विवाह : १९६९ च्या परदेशी विवाह कायद्यान्वये, वधूवरांपैकी निदान एक भारतीय नागरिक असल्यास, परदेशातील आपल्या विवाह अधिकाऱ्यासमोर विवाह होऊ शकतो. त्यास आगाऊ नोटीस द्यावी लागते. परदेशस्थ स्थळ पाहताना मुलीच्या बापाने स्थळाची चौकशी तर करावीच. शिवाय विवाहाची कायदेशीर नोंद आणि मुलीचे पारपत्र तिच्याच हाती राहील ह्याची खातरजमा करावी.

कुलमुखत्यारपत्र : समजा, दोन भावांच्या नावे वडिलार्जित वखार आहे आणि धाकटा भाऊ परदेशी आहे. वखार विकावयाची तर त्यास प्रत्येक वेळी येणे परवडत नाही. अशा वेळी तो आपल्या वाणिज्य दूतावासात जाऊन अधिकाऱ्यासमोर कुलमुखत्यारपत्रावर सही करतो व ते साक्षांकित होऊन येते. परंतु येथे एक मुदत विसरू नये. परदेशात केलेला असा दस्त भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यास योग्य मुद्रांक लागला पाहिजे, असे १८९९ चा मुद्रांक कायदा सांगतो. पाकीट कपाटात ठेवून 'सावकाश पाहू' म्हणणाऱ्याचा सौदा पुढे अडतो.

दाखले व व्यापारी कागद : मुलांची पदवीपत्रे, जन्मविवाहाचे दाखले परदेशात चालावयाचे तर त्यांवर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची मोहोर लागते. १९६१ च्या हेग करारातील देशांसाठी 'अपोस्टिल' नावाची एकच मोहोर पुरते. भारतास हा करार १४ जुलै २००५ पासून लागू झाला आणि कॅनडा त्यात ११ जानेवारी २०२४ पासून आला. कराराबाहेरील देशांसाठी मंत्रालयाच्या मोहोरेनंतर त्या देशाच्या वकिलातीचीही मोहोर घ्यावी लागते. व्यापारी कागदांची गोष्ट निराळी आहे. ते मंत्रालयाकडे नेण्यापूर्वी वाणिज्य मंडळाकडून, म्हणजे चेंबर ऑफ कॉमर्सकडून, प्रमाणित करवून घ्यावे लागतात. संघटनेचे सभासदत्व केवळ स्नेहभोजनापुरते नसते, ते असे उपयोगी पडते.

मृत्यू : हा विषय अप्रिय, तरीही टाळता येत नाही. परदेशी कोणी निवर्तल्यास मृत्यूची नोंद, पारपत्र रद्द करणे, आणि देह स्वदेशी आणावयाचा असल्यास ना-हरकत दाखला, ही कामे वाणिज्य दूतावास करतो. शवविच्छेदन, पोलिसांचा दाखला आणि विमान कंपनीचे नियम ह्यांस वेळ लागतो. तो वाणिज्यदूताच्या हाती नसतो. तेथेच दहन करून अस्थी आणावयाच्या की देह आणावयाचा, हा निर्णय कुटुंबाने एका मुखाने व लवकर कळवावा. काही देशांत दहनाची सोयच नसते, हेही ध्यानी ठेवावे. घरातील चौघांनी चार निरोप धाडले, तर तेथील अधिकाऱ्याने कोणाचे ऐकावे?

४. संकटकाळ

युद्ध अगर बंडाळी उद्‌भवली म्हणजे वाणिज्य दूतावासाची खरी कसोटी लागते. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत गिळंकृत केले, तेव्हा तेथे लक्षावधी भारतीय अडकले. त्यांस जॉर्डनमधील अम्मानमार्गे आणण्यासाठी विमानांच्या ४८८ फेऱ्या झाल्या आणि सुमारे १,११,००० माणसे स्वदेशी परतली. एप्रिल २०१५ मध्ये येमेनमधून 'राहत' मोहिमेत ४,६०० हून अधिक भारतीयांची सुटका झाली. शिवाय इतर अनेक देशांच्या नागरिकांसही आपल्या जहाजांनी व विमानांनी आणले. एप्रिल-मे २०२३ मध्ये सुदानमधून 'कावेरी' मोहिमेत ३,८०० हून अधिक लोक परतले.

२०२२ ची युक्रेनची हकीकत पालकांनी विशेष वाचावी, कारण तेथे अडकले होते ते बहुतांशी विद्यार्थी. त्यांत गुजरात-महाराष्ट्राची मुलेही पुष्कळ होती. युद्ध २४ फेब्रुवारीस पेटले. परंतु विद्यार्थ्यांनी तूर्त देश सोडण्याचा विचार करावा अशी सूचना कीव्ह येथील आपल्या वकिलातीने १५ फेब्रुवारीसच काढली होती. कोणी परीक्षेसाठी थांबले, कोणी तिकिटाच्या दरामुळे. पुढे रुमानिया, पोलंड, हंगेरी, स्लोव्हाकिया ह्या शेजारदेशांतून 'गंगा' मोहिमेच्या ९० विमानफेऱ्या झाल्या आणि सर्व मिळून सुमारे २२,५०० भारतीय परतले. तरीही सीमेपर्यंतचा प्रवास बहुतेकांनी थंडीत, उपाशीतापाशी आपला आपणच केला. वकिलातीत ज्याचे नाव व ठिकाण नोंदलेले आहे त्यास निरोप पोचतो. ज्याची नोंदच नाही त्यास शोधावयाचे कोठे? परदेशी पोचताच वकिलातीत नाव नोंदविणे ही विम्याच्या हप्त्यासारखी गोष्ट आहे. फरक इतकाच की तीस पैसा लागत नाही.

निराधार झालेल्यांसाठी २००९ साली 'भारतीय समुदाय कल्याण निधी' स्थापन झाला. संकटात सापडलेल्या गरजू भारतीयास तात्पुरता निवारा, परतीचे तिकीट, तातडीचे औषधोपचार, काही प्रकरणी वकिलाचा खर्च, आणि दुसरे कोणी खर्च करणारे नसल्यास देह स्वदेशी आणण्याचा खर्च त्यातून दिला जातो. हा निधी मुख्यतः वाणिज्य सेवांसाठी नागरिक जे शुल्क भरतात त्यातील अल्पशा भागातून जमतो. आपल्या महाजनांच्या पेठेत पूर्वी प्रत्येक सौद्यावर धर्मादाय कापून ठेवीत, त्याचेच हे राष्ट्रीय रूप म्हणता येईल. म्हणूनच ऐपत असलेल्याने त्यावर हक्क सांगू नये. तक्रार कोठे अडली आहे हे पाहण्यासाठी फेब्रुवारी २०१५ मध्ये 'मदद' नावाची संगणकीय व्यवस्था सुरू झाली; घरी बसलेल्या मातापित्यांसही तीवर आपले गाऱ्हाणे नोंदविता येते.

५. अडत्याच्या हाती नसलेल्या गोष्टी

आता मर्यादांकडे वळू. वाणिज्यदूत आपल्यास तुरुंगातून सोडवून आणू शकत नाही. तेथील न्यायालयास निकाल सांगू शकत नाही. वकिलांची यादी देईल, परंतु स्वतः वकिलपत्र घेणार नाही. आपले खाजगी देणे फेडणार नाही, आणि आपले येणेही वसूल करून देणार नाही. ह्या शेवटच्या गोष्टीकडे व्यापाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे.

चीनमध्ये यिवू म्हणून किरकोळ वस्तूंच्या घाऊक व्यापाराचे प्रचंड मोठे शहर आहे. तेथील एका विदेशी पेढीचा मालक देणी बुडवून पसार झाला, आणि डिसेंबर २०११ मध्ये धनकोंनी त्या पेढीत काम करणाऱ्या दोन भारतीयांस धरून ठेवले. शांघाय येथील आपल्या वाणिज्य दूतावासाचा अधिकारी त्यांच्यासाठी तेथील न्यायालयात गेला. तो मधुमेही होता. जमावाने त्यास बाहेर पडू दिले नाही. तासन्‌तास अन्न व औषध न मिळाल्याने तो बेशुद्ध होऊन पडला व त्यास रुग्णालयात न्यावे लागले. पुढे आपल्या वकिलातीने भारतीय व्यापाऱ्यांस यिवूपासून दूर राहण्याची सूचना दिली. वकिलातीत कोणी विचारीत नाही असे म्हणणाऱ्यांनी त्या अधिकाऱ्याचे स्मरण करावे. आणि दुसऱ्याच्या पेढीत नोकर म्हणून सही करताना आपण कशास जबाबदार होत आहोत, हे त्या दोघांच्या हालांवरून ओळखावे. वाणिज्यदूत धावून आला; परंतु धनकोंचे येणे खरे होते, आणि ते नाहीसे करणे त्याच्या हाती नव्हते.

दुसरी मर्यादा नागरिकत्वाची. वाणिज्यदूत रक्षण करतो ते नागरिकाचे. आपली राज्यघटना व १९५५ चा नागरिकत्व कायदा एकाच वेळी दोन देशांचे नागरिकत्व मान्य करीत नाहीत. परदेशाचे नागरिकत्व पत्करले की भारतीय पारपत्र परत करावे लागते. त्यानंतर मिळणारे 'ओ. सी. आय.' पत्र येण्याजाण्यास व राहण्यास मोठे सोयीचे आहे, परंतु ते पारपत्र नव्हे. तसा मनुष्य संकटात सापडला तर त्याची जबाबदारी त्याच्या नव्या देशावर असते. १९७२ च्या ऑगस्टमध्ये इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांस ९० दिवसांत देश सोडण्यास सांगितले, तेव्हा ब्रिटिश पारपत्र असलेले ब्रिटनला गेले, भारतीय पारपत्र असलेले भारतात आले. परंतु काहींचे युगांडाचे नागरिकत्वाचे कागद अपुरे ठरवून नाकारण्यात आले होते. एकाच घरातील माणसे निरनिराळ्या देशांत विखुरली, आणि जे कोणत्याच देशाचे ठरले नाहीत त्यांस संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने युरोपातील छावण्यांत जावे लागले. दुकान, बंगला, पत, सर्व काही असूनही, त्या नव्वद दिवसांत मनुष्याची किंमत त्याच्या खिशातील पुस्तिकेवरून ठरली.

तिसरी गोष्ट नोकरीस जाणाऱ्यांची. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीस माणसे पाठविणारा दलाल नोंदणीकृत असला पाहिजे. कमी शिकलेल्यांच्या पारपत्रावर 'ई. सी. आर.' असा शेरा असतो, आणि आखातासारख्या ठरावीक देशांत नोकरीस जाण्यापूर्वी त्यांस उत्प्रवासी संरक्षकाची परवानगी घ्यावी लागते. दहावी उत्तीर्ण झालेल्यास हा शेरा लागत नाही; आमच्यासारख्या केवळ मॅट्रिक झालेल्या माणसासही आपल्या त्या जुन्या प्रमाणपत्राचे मोल अशा वेळी कळते. आपल्या गोदामातील हमाल अगर गाडीवान ह्यांचे मुलगे आखातात जाऊ लागले आहेत. पर्यटनाच्या परवान्यावर नोकरीस नेणाऱ्या दलालाच्या नादी लागलेला मुलगा तेथे पोचताच बेकायदा ठरतो, आणि मग वाणिज्यदूताचेही हात बांधले जातात. त्यांस चार शब्द सांगणे हे मालकाचे कर्तव्य आहे.

६. घरून निघण्यापूर्वी

वरील सर्व विवेचनाचे सार एवढेच की, वाणिज्यदूताचे साहाय्य हा हक्क आहे, परंतु तो उभा राहतो आपण घरून नेलेल्या कागदांवर व आपल्या सचोटीवर. म्हणून निघण्यापूर्वी पुढील गोष्टी कराव्यात.

पारपत्राची मुदत निदान सहा महिने शिल्लक आहे ना ते पाहावे. पुष्कळ देश त्याहून कमी मुदत चालवून घेत नाहीत. पारपत्र, परवाना व विमा ह्यांच्या प्रती एक संच बरोबर, एक संच घरी ठेवावा. आपल्या वाणिज्य दूतावासाचा पत्ता व दूरध्वनी कागदावर लिहून खिशात ठेवावा. यंत्रातील नोंद यंत्राबरोबर हरवते. पोचताच नाव नोंदवावे. पारपत्र मालकाच्या, घरमालकाच्या अगर दलालाच्या ताब्यात देऊ नये; ते भारत सरकारच्या मालकीचे आहे असे १९६७ चा पारपत्र कायदाच सांगतो. दुसऱ्याचे पुडके 'जाता जाता पोचवा' म्हणून नेऊ नये, मग देणारा कितीही जवळचा असो. नेहमीची औषधे वैद्याच्या चिठ्ठीसह न्यावीत. आणि जेथे जावयाचे तेथील कायदा आधी विचारून घ्यावा.

आपण रोजमेळ लिहितो तो काही सरकारने विचारले तरच दाखवावयासाठी नव्हे. रोजच्या रोज लिहिलेला रोजमेळ अडचणीच्या दिवशी आपल्या बाजूने साक्ष देतो. परदेशी गेलेल्या मुलाचे कागद हाही घराचा एक रोजमेळच आहे. दिवाळीस वहीपूजन होते त्या दिवशी कपाटातील सर्व पारपत्रे बाहेर काढून त्यांच्या मुदती एकदा पाहून घ्याव्यात, नातवंडांच्या नोंदी तपासाव्यात, परदेशस्थ मुलाने वकिलातीत नाव नोंदविले की नाही ते त्यास विचारावे. ह्या कामास अर्धा तास पुरतो. तो अर्धा तास सभासदांनी ह्या दिवाळीस अवश्य काढावा, इतकी विनंती करून हा लेख पुरा करतो.